बाजूने उभे राहणाऱ्यांचे मत कसे घडते, आणि त्यांच्या वाट्याला काय येते?

रानजाई

समलिंगी, पारलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या बाजूने बोलणारे, पण स्वतः त्यांच्यापैकी नसलेले लोक आता आपल्या आजूबाजूला बऱ्यापैकी दिसू लागले आहेत. त्यांच्याविषयी मला दोन प्रश्न पडतात. त्यांचे हे मत कशातून तयार होते, आणि ते चारचौघांत बोलून दाखवल्यावर त्यांना काय सोसावे लागते? दुसऱ्या प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे, कारण सोसण्याची वेळ आल्यावर टिकते तेच मत खरे.

मत बदलण्याची प्रक्रिया सरकारी कागदावर उतरली आहे असे एक उदाहरण मला माहीत आहे. मदुराईतील दोन तरुणी घरच्यांचा विरोध पत्करून चेन्नईला आल्या, घरच्यांनी त्या हरवल्याची तक्रार नोंदवली आणि पोलिसांचा ससेमिरा सुरू झाला, तेव्हा त्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे संरक्षण मागितले. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी आदेशातच नमूद केले की, हा विषय आपल्याला पुरता उमगलेला नाही. मग ते मानसशास्त्रज्ञांसमोर विद्यार्थी म्हणून बसले. ७ जून २०२१ च्या निकालात त्यांनी आपले पूर्वग्रह इतर बहुसंख्यांसारखेच होते हे लिहून टाकले, पोलिसी छळाला आळा घातला आणि लैंगिकता ‘बदलण्याच्या’ उपचारांना मनाई केली. त्याच प्रकरणाच्या पाठपुराव्यातून २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

आता सामान्य माणसाकडे येते. बाजू घेणारे बहुतेक जण बोलायला लागतात तेच ‘मी स्वतः तसा नाही, पण...’ असे म्हणून. मला हे वाक्य खटकते. ज्याला आपण कलंक मानत नाही असे सांगायचे, त्याचा शिंतोडा आपल्यावर उडू नये याची तजवीज मात्र पहिल्याच वाक्यात करून ठेवायची, हे कसे? आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

कृष्णाकाठ

न्यायमूर्तींच्या प्रामाणिकपणाविषयी आदर आहे, परंतु न्यायासनावरच्या माणसाला ‘मला कळत नाही’ म्हणणे परवडते. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात आहे. आमच्या पाळीतला एक सहकारी समलिंगी असल्याचे इतरांना कळले, त्या दिवसापासून त्याचा डबा वेगळा पडला. आमच्याकडे जेवताना सगळ्यांच्या भाज्या टेबलाच्या मध्यभागी येतात आणि ज्याला जी हवी ती तो घेतो. त्याच्या घरच्या शेंगदाण्याच्या आमटीवर एरवी उड्या पडत, ती आता झाकणाखालीच राहू लागली.

माझे मत कुठल्या पुस्तकातून आलेले नाही. रात्रपाळीत ज्याच्या भरवशावर चालू पॅनेलमध्ये हात घालतो, तो माणूस कसा आहे हे मला तज्ज्ञांनी सांगण्याची गरज नव्हती. मी त्याच्याजवळ बसून जेवत राहिलो. त्यानंतर कुजबूज माझ्याभोवतीही सुरू झाली. मी पस्तिशी ओलांडलेला आणि अविवाहित आहे. ‘म्हणूनच याचे जमत नाही होय’ हे वाक्य मुद्दाम मला ऐकू येईल अशा बेताने बोलले गेले. रानजाईताई, तुम्हाला खटकणारे ते वाक्य माझ्या अगदी ओठावर आले होते आणि ते उच्चारले असते तर मी त्याच क्षणी सुटलो असतो. पण तो समोर भाकरी मोडत बसलेला असताना ‘मी तसा नाही’ असे बोलायचे कोणत्या तोंडाने? गप्प राहिलो. पर्यवेक्षकही गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ सर्वांनी आपापल्या सोयीने लावला.

कडूलिंब

कृष्णाकाठ, आपल्या वागण्याला मनापासून दाद. तरीही ओळखीतूनच मत घडते हे मला मान्य नाही. तसे धरले, तर ज्याला आजवर कोणी विश्वासाने काही सांगितलेले नाही, त्याला मत नसण्याची सूट मिळते.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. संततिनियमनाच्या उघड प्रचारापायी विल्सन महाविद्यालयातली गणिताची प्राध्यापकी त्यांनी त्याआधीच गमावली होती. मासिकात ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयात त्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लिखाण अश्लील ठरत नाही, वाचक विचारतात तर त्यांना ज्ञान मिळालेच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि लैंगिकतेचे इंग्रज अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला होता. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

येरवड्याचा करार होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. बाबासाहेबांना शत्रूंची टंचाई नव्हती, आणि हे वकीलपत्र घेऊन अस्पृश्यांच्या चळवळीला काडीचाही लाभ होणार नव्हता. कर्व्यांनाही कोणा आप्तासाठी हे करायचे होते असे दिसत नाही. दोघांचेही मत तत्त्वातून आले होते: माणसाला स्वतःच्या शरीराविषयी जाणून घेण्याचा अधिकार आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न. आपल्याकडे या विषयाचा पाया असा घातला गेला असताना तो सारा परदेशातून आयात झालेला असल्याच्या गप्पा ऐकल्या की मला हसू येते.

तुळशीवृंदावन

मी ठाण्याला राहते. माझी थोरली मुलगी समलिंगी आहे आणि तिच्या जोडीदार मुलीबरोबर राहते. मी तिची आई असल्यामुळे ‘मी तशी नाही, पण’ या वाक्याचा मला काडीचा उपयोग नाही. आईला कोणी ‘तूही त्यातलीच का’ असे विचारीत नाही. तिला विचारतात, ‘तुमच्याकडून काही कमी पडले का हो?’

वर्षानुवर्षे आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. मुलीविषयी मी शेजारणींना स्वतःहून सांगितले, कारण पाठीमागे होणाऱ्या चर्चेपेक्षा समोरचा प्रश्न बरा. त्या वर्षी बायका आल्या, वाण घेतले, गोड बोलल्या. फरक पुढे जाणवला. माझ्या धाकट्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते. पत्रिका जुळलेली, फोटो पसंत पडलेला, मुलाच्या आईचे माझ्याशी दोनदा फोनवर बोलणे झालेले, आणि मग एकाएकी ‘गुण कमी पडतात असे आमच्या गुरुजींचे म्हणणे आहे’ असा निरोप. गुण आधी सव्वीस होते, ते निरोपाच्या दिवशी कसे घसरले हे गुरुजींनाच ठाऊक. दुसरे स्थळ अधिक प्रामाणिक होते. मुलाच्या मामांनी यजमानांना बाजूला घेऊन स्पष्ट विचारले की, हे घराण्यात आहे का. जाऊबाईंचा सल्ला होता की, धाकटीचे होईपर्यंत थोरलीला परदेशी आहे म्हणून सांगावे. ती मुलुंडला राहते.

धाकटीने त्यानंतर आपल्या माहितीपत्रात बहिणीविषयी एक ओळ स्वतः घातली. स्थळे निम्म्याने कमी झाली. उरलेल्यांशी बोलणे सोपे गेले.

मला बळ मिळाले ते इतर पालकांकडून. लेखक विक्रम सेठ यांच्या आई न्यायमूर्ती लीला सेठ यांनी जानेवारी २०१४ मध्ये, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू झाल्यानंतर, आई आणि न्यायाधीश अशा दुहेरी नात्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला होता. सर्वोच्च न्यायालयात मिन्ना सरन आणि इतर पालकांनी आपल्या मुलांच्या बाजूने अर्ज केलेला होता, हेही त्याच सुमारास समजले. पुढे मुंबईत पालकांचा ‘स्वीकार’ हा गट सुरू झाला. तिथे पहिल्यांदा मला कोणी ‘तुमच्याकडून काय कमी पडले’ असे विचारले नाही. चहा घेणार का, एवढेच विचारले.

रानजाई

तुळशीवृंदावनताई, आपण जे लिहिले आहे त्याचे वर्णन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्येच करून ठेवले आहे. कलंकित मानल्या गेलेल्या माणसाशी नाते किंवा सख्य असलेल्यांवरही समाज त्या कलंकाचा काही भाग लादतो, असे त्यांचे म्हणणे. पण तो भाग कोणत्या दारातून घरात शिरतो हे प्रत्येक समाजात वेगळे असते, आणि आपल्याकडचे मोठे दार लग्नाचे आहे. कुटुंबातला एक जण निराळा निघाला की, ज्यांची लग्ने व्हायची आहेत त्या सर्वांचा भाव उतरतो. बाजू घेण्याची जबर किंमत धाकटी बहीण मोजते, पाठिंब्याचे भाषण ठोकणारा काका मोजत नाही.

कृष्णाकाठ यांच्या डब्याविषयीही एक सांगायचे आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले होते की, नुसत्या सहवासाने पूर्वग्रह कमी होतोच असे नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंचा दर्जा सारखा हवा, काम एक हवे, परस्परांवर अवलंबून राहणे हवे आणि वरच्या अधिकाऱ्यांची उघड संमती हवी. कारखान्याच्या त्या पाळीत पहिल्या तिन्ही गोष्टी होत्या. चौथी नव्हती. पर्यवेक्षक त्या टेबलावर येऊन एकदा जरी जेवले असते, तरी चित्र पालटले असते असे मला वाटते.

निनावी पुणेकर

मी समलिंगी आहे, त्यामुळे हा धागा जरा अवघडून वाचतो आहे. बाजूने उभे राहणाऱ्यांविषयी मला कृतज्ञता आहे, आणि त्यांच्याविषयी माझ्या तक्रारीही आहेत.

पुण्यात डिसेंबर २०११ मध्ये पहिली अभिमान पदयात्रा निघाली, तेव्हापासूनचे बरेच समर्थक मी पाहिले आहेत. काहींना आम्ही आवडतो ते नीटनेटके, इंग्रजी बोलणारे, सभ्य कपड्यांतले असलो तरच. टाळ्या वाजवणारी तृतीयपंथी व्यक्ती शेजारी आली की त्यांचा पाठिंबा हळूच पदपथावर चढतो. पाठिंबा आणि पूर्वग्रह एकाच घरात सुखाने नांदू शकतात. मे २०१५ मध्ये मुंबईत पद्मा अय्यर यांनी आपल्या समलिंगी मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली. कित्येक वृत्तपत्रांनी ती नाकारली होती, एकाने छापली. त्या माऊलीच्या धैर्याला तोड नाही. पण जाहिरातीत जातीची अट नसल्याचे सांगता सांगता अय्यर असल्यास प्राधान्य असेही लिहिलेले होते. त्यावर गदारोळ झाला, तो ओघाने आलेला विनोद असल्याचा खुलासाही झाला. मी त्यांना दोष देत नाही. लैंगिकतेच्या बाबतीत उदार झालेले मत जातीच्या बाबतीत आपोआप उदार होत नाही, इतकेच मला त्यातून दिसते.

रानजाईंच्या त्या वाक्याबद्दल. आमच्यासारख्यांच्या कानाला ते लगेच टोचते. तरी परिस्थिती पाहावी. एखाद्या गावातली विवाहित शिक्षिका वर्गातल्या मुलाची बाजू घेताना ते बोलली तर ती नोकरी वाचवत असते, आणि तिची नोकरी टिकणे त्या मुलाच्या हिताचे असते. शहरातल्या वातानुकूलित कार्यालयात, जिथे काहीही बिघडणार नाही, तिथे कोणी ते बोलला की मी त्याच्यापासून चार हात दूर राहतो.

सडेतोड

सर्वांची मते एका सुरात येत आहेत म्हणून थोडे वेगळे लिहितो. जून उजाडला की कंपन्यांची बोधचिन्हे इंद्रधनुषी होतात आणि जुलैत पूर्ववत होतात. कार्यालयातल्या तरुणांचे मत पाहिले तर ते विचारातून आलेले नसून गटात उठून दिसू नये म्हणून घेतलेले आहे. अशा मताला मत म्हणावे का? शिवाय ज्याच्या डोक्यावर घर चालवण्याची जबाबदारी आहे त्याने गप्प बसणे हा भित्रेपणा नव्हे. लग्नाच्या हक्काच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारल्या. न्यायालयच जिथे थांबले, तिथे सामान्य माणसाने पुढे का जावे?

कडूलिंब

सडेतोड, उधारीच्या मताविषयी आपले निरीक्षण बरोबर आहे. पण हा न्याय दोन्ही बाजूंना लावा. विरोधातले मत तरी किती जणांनी विचार करून बनवले आहे? तेही गटात उठून दिसू नये म्हणूनच घेतलेले असते, फक्त तो गट मोठा असतो. न्यायालयाच्या बाबतीत म्हणाल, तर त्या खंडपीठाने विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही हे खरे. परंतु ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल, ज्याने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, तो जागच्या जागी आहे. शेजाऱ्याशी माणुसकीने वागण्यासाठी याचिका मंजूर होण्याची वाट पाहायची नसते.

माणदेश

शहरी उदाहरणे पुष्कळ झाली, म्हणून खेड्याकडचे लिहितो. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा महिला म्हणून भरलेला अर्ज आधी बाद झाला होता. औरंगाबाद खंडपीठात जाऊन त्यांनी तो वैध ठरवून घेतला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. अशा उमेदवाराला मत देणारे आपापल्या परीने बाजूनेच उभे राहिले म्हणायचे, फक्त त्यांना स्वतःला कोणी समर्थक म्हणवून घेताना दिसणार नाही. मतपेटी गुप्त असते, हा त्यातला मोठा भाग आहे असे माझे मत. कलंकाची भीती काढून घेतली की लोक वाटतात त्यापेक्षा बरे वागतात.

मात्र गाव फार उदार असते असा निष्कर्ष काढू नये. आमच्या भागात यल्लम्माला सोडलेल्या जोगत्याच्या पाया पडतात, त्याच्या परडीत जोगवा घालतात, आणि तोच जोगता भाड्याने खोली मागायला आला की खोली रिकामी नसते. एका घरमालकाने खोली दिली, तर आळीतल्या लोकांनी त्यालाच पाणी भरण्याच्या पाळीवरून छळले. दुसऱ्या वर्षी तो खोली देईना. त्याचे मत बदलले नव्हते. पाण्यासाठी भांडण्याची ताकद संपली होती.

खातेवही

मी एका बँकेच्या शाखेत काउंटरला असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की, समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही. परिपत्रक शाखेत येते, फाइलला लागते, आणि पुढे काउंटरवरचा माणूस ठरवतो. माझ्यासमोर दोन मुलगे अर्ज घेऊन आले, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात नाते विचारले. त्या अर्जाला नात्याची आवश्यकताच नव्हती. मी कागद माझ्याकडे ओढून घेतले आणि काम पूर्ण केले. तेव्हापासून तशी गिऱ्हाइके आली की ‘तुमची माणसे आली’ असे मला सांगितले जाते. येऊ द्यात की. त्यांची खाती नियमित असतात.

तुळशीवृंदावन

खातेवही, मग एक विचारते. थोरलीने आणि तिच्या जोडीदाराने एकमेकींना नामनिर्देशित केले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

खातेवही

ताई, नामनिर्देशनामुळे बँक पैसे त्या व्यक्तीच्या हाती देते, परंतु त्यावर कायदेशीर वारसांचा दावा राहतो. म्हणून दोघींनी स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, आणि मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी साक्षीदार होऊ नये, म्हणजे दोघींनी एकमेकींच्या मृत्युपत्रावर सही करायची नाही. उद्या कोणी हरकत घेतली, तर साक्षीदारांना न्यायालयात उभे राहून सांगावे लागते. तेव्हा सही करणारी माणसे वयाने फार मोठी नसावीत, आणि ऐनवेळी माघार घेणारी तर मुळीच नसावीत.

तुळशीवृंदावन

आभारी आहे. एक साक्षीदार समोरच्या सदनिकेतल्या बाई होतील, त्यांनी आजच होकार दिला. दुसरी सही मला यजमानांच्या नात्यातल्याच कोणाची तरी हवी आहे. जाऊबाईंच्या मुलाला विचारले आहे. त्याने घरी न सांगता करू का, असे विचारले. मी म्हटले, घरी सांगूनच कर. अजून उत्तर आलेले नाही.